काचेवरच्या एकोणीस ओळी

पेंटरने एकदा एका भिंतीवर 'रंग ओला आहे' असं लिहिलं, तर पुढची तीन वर्षं त्या भिंतीला कुणी पाठ टेकवली नाही. त्याने रस्त्यावर मारलेली पांढरी रेघ इतकी सरळ, की एक दारुडा तिच्या कडेकडेने चालत थेट घरी पोचला आणि बायकोने परका माणूस समजून त्याला दाराबाहेर उभं केलं. यातलं निम्मं खरं धरायला हरकत नाही. उरलेलं निम्मं पेंटरच्या मेहुण्याचं, आणि मेहुण्याच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायची सगळ्यांनाच सवय होती.

पण एक गोष्ट पुरती खरी. पेंटर जे रंगवायचा ते वाचायचा नाही.

ही शिकवण वस्तादाची. पेंटर नवशिका असताना दातांच्या डॉक्टरांची पाटी आली होती. 'दाढ काढताना दुखणार नाही' असं लिहायचं होतं. हा पठ्ठ्या लिहिता लिहिता वाचत होता. 'दुखणार'पर्यंत आला आणि त्याचीच अक्कलदाढ ठणकायला लागली. गाल धरून शिडीवरून उतरला, तो 'नाही' लिहायचं राहिलंच. पाटी चार दिवस तशीच झळकत होती. त्या चार दिवसांत दवाखान्याची पायरी चढला तो एकटा वस्ताद, तोही माफी मागायला. परत येऊन त्याने पेंटरच्या पाठीवर ब्रशाचा दांडा मोडला.

"वाचायचं काम गिऱ्हाइकाचं," वस्ताद म्हणाला. "तुझं काम आकाराचं. वाचशील तर डोळा पुढे पळेल आणि हात मागे राहील. शेवटच्या अक्षरापासून सुरू करायचं आणि उलटं यायचं. मग वाचावंसं वाटलं तरी वाचता येणार नाही."

तेव्हापासून तीस वर्षं पेंटर उलटा येत राहिला. मेलेल्या माणसांची नावं, भाड्याच्या खोल्या, हरवलेली कुत्री, सगळं त्याच्या हाताखालून गेलं आणि डोक्यात काही शिरलं नाही. या गोष्टीचा त्याला ताठा होता. "माझ्या हातून कानामात्रेची चूक झाल्याचं दाखवा, मिशी उतरवतो," म्हणायचा. मिशी त्याला नव्हती, पण आव होता.

पुढे छपाईची यंत्रं आली आणि पाट्या तासाभरात मिळायला लागल्या. पेंटरकडे उरली ती काचेची कामं. छापील चिकटपट्टी उन्हाने सोलून निघते. काचेवर आतून रंगवलेलं अक्षर मात्र काच फुटेपर्यंत टिकतं. मजकुराचा कागद बाहेरून काचेला लावायचा, उजेडात अक्षरं आतून उलटी दिसतात, ती गिरवायची. इतरांना उलटं लिहिणं अवघड, पेंटरला ते सुलट्यापेक्षा सोपं जायचं.

असंच एक काम चौकातल्या नव्या दुकानाचं आलं. दुकान व्याजाने पैसे द्यायचं. त्याचा मॅनेजर इतका मऊ बोलायचा, की त्याला सगळे मखमल म्हणत. त्याने पेंटरला दोन दिवस स्वतःच्या हाताने चहा आणून दिला. काचेवर वर हातभर अक्षरांत लिहायचं होतं: 'छोटं कर्ज, आजच्या आज. तुमची जुनी पत तपासत नाही.' आणि खाली, नखाएवढ्या अक्षरांत, एकोणीस ओळी. पेंटरने त्या एकोणिसाव्या ओळीच्या शेवटच्या अक्षरापासून सुरू केल्या आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर पोचला. कारागिरी अशी, की मखमलने भिंग मागवून पाहिली.

त्यानंतर दोन महिन्यांनी पेंटरची शिडी मोडली.

शिडी लाकडी होती आणि वस्तादाच्या काळापासून वाळवीला भाड्याने दिल्यासारखी होती. एका औषधाच्या दुकानापुढे चौथी पायरी गेली, तिच्यापाठोपाठ तिसरी, आणि पेंटर हिरव्या रंगाचा डबा डोक्यावर घेऊन खाली आला. हाडं शाबूत राहिली. पण शिडीशिवाय पेंटर म्हणजे नुसता रंग लागलेला माणूस.

खात्यात चाळीस हजार होते. पण ते लेकीचे होते. लेकीला नर्सिंगच्या शाळेत घ्यायला तयार होते आणि प्रवेशाच्या दिवशी बरोबर चाळीस हजार भरायचे होते. नवराबायकोने ते चार वर्षं साठवले होते.

"त्या पैशाला हात लावलात तर बघा," बायको म्हणाली. तिने पुढचं काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

"बँकेतून काढू," पेंटर म्हणाला आणि मेहुण्याकडे बघितलं. मेहुणा बँकेत शिपाई होता आणि चहाच्या वेळी हमखास घरी उगवायचा.

"दाजी, गेल्या वेळी तुमचं नाव कॉम्प्युटरात घातलं तर साहेबांच्या डोक्यावरचा पंखा बंद पडला," मेहुणा म्हणाला. "लालेलाल दिसतंय तिथे."

"कुणामुळे?"

"आता माझ्या मोटारसायकलला जामीन राहिलात ती तुमची चूक. मी काय मुंडकं धरलं होतं तुमचं?"

"तू हप्ते भरले नाहीस!"

"तेच सांगतोय. माणूस न ओळखता जामीन राहिलात." मेहुण्याने बशीतला चहा संपवला. "ताई, अर्धा कप आण गं अजून."

पेंटर उठून बाहेर आला. मोडलेली शिडी भिंतीला टेकून उभी होती. आणि त्याच्या डोळ्यापुढे ती काच आली. 'जुनी पत तपासत नाही.' अक्षर त्याचंच. आपल्या हातचं अक्षर आपल्याला कसं फसवेल, असं त्याला वाटलं. माणूस स्वतःच्या पोरावर ठेवतो तसा विश्वास होता तो.

मखमलने त्याला उठून खुर्ची दिली. बारा हजार पाहिजेत म्हणताच एक कागद पुढे केला.

"कशाला पाहिजेत, मागे कुणाचं बुडवलंत, काही विचारणार नाही. फक्त खात्याचा नंबर द्या, म्हणजे आपोआप कापले जातील. तुम्हाला हेलपाटा नको. दर पंधरा दिवसांनी अठराशे."

"आणि बाकीच्या अटी?"

मखमल हसला. "पेंटर, अटी तुमच्याच हातच्या आहेत. तुम्हाला मी काय शिकवणार? एकोणीसच्या एकोणीस तुम्हाला पाठ असतील."

इथे खरं तर पेंटरने म्हणायला पाहिजे होतं, की बाबा रे, मी अक्षरं काढली, वाचलं काही नाही. एवढं एक वाक्य. पण बाजूला दोन माणसं बसली होती, समोर त्याची कारागिरी उन्हात चमकत होती, आणि तीस वर्षांचा ताठा मानेत होता.

"पाठच आहेत," तो म्हणाला, आणि सही केली.

नवी शिडी ॲल्युमिनियमची, इतकी हलकी की वाऱ्याच्या दिवशी बायको तिला खिडकीच्या गजाला बांधून ठेवायची. पेंटर पुन्हा कामाला लागला. दर पंधरवड्याला तो न चुकता आधी अठराशे खात्यात टाकायचा, ते तिकडून कापले जायचे, आणि लेकीचे चाळीस हजार जिथल्या तिथे राहायचे. त्याने मनात हिशेब केला होता. आठ वेळा अठराशे म्हणजे चौदा हजार चारशे. बारा मुद्दल, वरचं व्याज. सोळा आठवडे. आठवा हप्ता गेला त्या दिवशी त्याने घरी येऊन हात झटकले.

"सुटलो," म्हणाला. "बघ, पैशाला हात लागला नाही."

बायकोने पहिल्यांदाच त्या शिडीकडे बऱ्या नजरेने पाहिलं.

प्रवेश भरायची मुदत आणखी अठरा दिवसांवर होती. सोळाव्या दिवशी गर्दी टाळायला लेक सकाळीच फी भरायला गेली आणि दुपारी परत आली. चप्पल काढली, पाणी प्यायली, आणि वडिलांपुढे बँकेची चिठ्ठी ठेवली.

"बाबा, खात्यात तेवीस हजार दोनशे आहेत."

"चाळीस आहेत."

"काल सोळा हजार आठशे कापलेत. खिडकीतली बाई दोनदा बघून म्हणाली. मागे रांग होती. बाजूला हो म्हणाली मला."

बायको आतून आली. तिने चिठ्ठी वाचली नाही, नवऱ्याचं तोंड वाचलं.

"काय केलंत?" तिने विचारलं.

"काही केलं नाही," पेंटर म्हणाला. आणि ते अगदी खरं होतं.

तो तसाच चौकात गेला. दार ढकलून आत शिरला ते ओरडतच. आतल्या माणसांनी माना वर केल्या. मखमल मात्र शांतपणे उठला, त्याचा खांदा धरला आणि त्याला बाहेर फुटपाथवर, काचेसमोर, घेऊन आला.

"पेंटर, अकरावी ओळ वाचा."

पेंटरला वाकावं लागलं. आपलं अक्षर त्याने पहिल्यांदाच सुलट्या बाजूने, डावीकडून उजवीकडे वाचलं. मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी कर्जदाराने लेखी कळवलं नाही, तर फक्त शुल्क कापून तेच कर्ज पंधरा दिवस पुढे चालू राहील. मुद्दल कमी होणार नाही.

"म्हणजे ते आठ हप्ते..."

"हप्ते कुठे? शुल्क होतं ते. आता सतरावी."

आठ वेळा मुदत वाढल्यास नवव्या वेळी संपूर्ण मुद्दल, शुल्क आणि कर्ज बंद करण्याचा आकार एकदम कापला जाईल.

"मुद्दल बारा, शुल्क अठराशे, बंद करायचे तीन हजार," मखमल म्हणाला. त्याच्या आवाजात टोचणी नव्हती, आणि तेच जास्त टोचत होतं. "पण अक्षर काय आलंय, पेंटर! वेलांट्या बघा. लोक मुद्दाम थांबून बघतात."

"वाचतात?"

"बघतात," मखमल म्हणाला.

पेंटरच्या डोळ्यापुढे लेक होती, रांगेतून बाजूला झालेली.

"किती कमी पडतायत?" मखमलने विचारलं. "सोळा हजार आठशे ना? आत या, आज देतो."

"नको."

"मग काम करा. स्टेशनकडे दुसरं दुकान उघडतोय, परवा सकाळी. मजकूर हाच. काच दुप्पट मोठी. सतरा हजार, उघडण्याच्या दिवशी रोख हातात. परवाच शेवटची तारीख म्हणता ना? फीची खिडकी एकला बंद होते. आम्ही नऊला उघडतो. आरामात होतं."

त्याने चिठ्ठी लिहून दिली. पेंटरने ती घेतली आणि फुटपाथवर उभं राहून, माणसं वळसा घालून जात असताना, तीन वेळा वाचली. 'दिलेला मजकूर, एक अक्षर न गाळता, लाल रंगात, पूर्ण काचेवर.' अक्षरांचा आकार कुठे लिहिलेला नव्हता.

तीस वर्षांत पहिल्यांदाच पेंटरला वाचण्याची गोडी लागली.

त्याने नव्या दुकानाच्या काचेला बाहेरून जाड कागद लावून घेतला. "उघडताना फाडू, शोभा येईल," म्हणाला. मखमलला कल्पना आवडली. मग दीड दिवस पेंटर आत एकटा होता. छापील कागद त्याने घडी करून खिशात घातला आणि एकोणीस ओळी हाताने आखल्या, एकेक अक्षर वीतभर. आणि रंगवताना तो वाचत होता. पहिल्या शब्दापासून, मोठ्याने. सतराव्या ओळीला त्याचा आवाज चढला आणि रस्त्यावरचं एक कुत्रं भुंकायला लागलं. सगळ्यात खाली, कोपऱ्यात, घूस शिरेल एवढ्या फटीशेजारी, नखाएवढ्या अक्षरांत त्याने लिहिलं: 'छोटं कर्ज, आजच्या आज. तुमची जुनी पत तपासत नाही.'

एक अक्षर गाळलं नव्हतं. मेहुण्याला त्याने आदल्या संध्याकाळी सांगितलं तेव्हा तो मांडीवर थाप मारून हसला.

"दाजी, दुकान बुडवलंत! माणूस वाचेल आणि चप्पल टाकून पळेल!"

बायको हसली नाही. "आणि पैसे?" तिने विचारलं. "त्याने दिले नाहीत तर?"

"चिठ्ठीत आकार लिहिलेला नाही," पेंटर म्हणाला. "देईलच. अटी म्हणजे अटी."

"तुम्ही कधीपासून वकील झालात?" बायको म्हणाली आणि तोंड फिरवून भांडी घासायला लागली.

परवाचा दिवस उजाडला. लेक पावणेनऊलाच दुकानापाशी आली. तेवीस हजार दोनशे तिच्या पर्समध्ये होते आणि पर्स तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. वडिलांच्या हातात पैसे पडले की ते घेऊन धावायचं होतं. मखमलच्या वरचे दोन साहेब गाडीतून आले. मखमलने कागदाचा कोपरा धरला, हसत हसत ओढला, आणि काच उघडी पडली.

एका हातगाडीवाल्याने गाडी थांबवली आणि हळूहळू, बोट हवेत फिरवत, मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "मुद्दल... कमी... होणार... नाही." माणसं गोळा झाली. कुणी दुसऱ्याला समजावून सांगू लागलं. मखमलच्या तोंडाचा रंग काचेवरच्या लालाच्या अगदी उलट झाला.

"पैसे," पेंटरने हात पुढे केला.

"हे असलं? याचे पैसे?" मखमलचा आवाज पहिल्यांदाच खरखरीत निघाला. "एक दमडी मिळणार नाही."

"चिठ्ठीत आकार नाही. वाचा."

"मग जा चिठ्ठी घेऊन कोर्टात. दहा वर्षांनी भेटू."

पेंटरने लेकीकडे पाहिलं. ती बोलणं ऐकत होती. तिने मनगटावरच्या घड्याळाकडे नजर टाकली.

हा सगळा खेळ आपण तिच्या फीवर मांडला होता, हे पेंटरच्या तेव्हा ध्यानात आलं. मजेच्या भरात त्याने स्वतःचं काहीच डावावर लावलं नव्हतं. जे लावलं ते तिचं होतं.

तेवढ्यात गर्दीतली एक म्हातारी बाई पुढे आली. शिवणकाम करणारी असावी, पदराला सुया टोचलेल्या होत्या. तिने एकोणीसच्या एकोणीस ओळी चष्मा वरखाली करत वाचल्या, सुस्कारा टाकला आणि मखमलला म्हणाली, "बरं झालं बाबा. निदान तुम्ही काय काय कापणार ते तोंडावर सांगता. बाकीचे कुठे सांगतात?" आणि दार ढकलून आत गेली.

तिच्यामागे हातगाडीवाला गेला, त्याच्यामागे दोन पहारेकरी. तासाभरात रांग कोपऱ्यापर्यंत गेली. रांगेतली माणसं एकमेकांना ओळी वाचून दाखवत होती, "आदल्या दिवशी लेखी द्यायचं बरं का," असं बजावत होती, आणि एकेक पाऊल पुढे सरकत होती. खाली कोपऱ्यातली ती बारीक ओळ कुणी पाहिलीही नाही. कर्ज मिळतं एवढं त्यांना वरच्या ओळींवरूनच कळलं होतं.

पेंटर साहेबांच्या मागे मागे फिरत होता. हात जोडून झाले, आवाज चढवून झाला. साडेअकराला तो वैतागून लेकीला शोधायला बाहेर आला.

लेक रांगेत होती. पुढून चौथी.

"तू इथे काय करतेस?" त्याने तिचा दंड धरला. "वाचलंस ना?"

"वाचलं."

"सगळं?"

"पहिल्यापासून शेवटपर्यंत, बाबा. अक्षर इतकं मोठं आहे, वाचलं नाही म्हणून सांगू कुणाला?"

"मग?"

"एकला खिडकी बंद होते," लेक म्हणाली. आणि मग, रांग पुढे सरकली म्हणून, तीही सरकली.

साडेबाराला ती पर्स घट्ट धरून धावत गेली. एकला पाच मिनिटं असताना तिची फी भरली गेली. मेहुणा पुढे सांगायचा, की ती इतकी जोरात पळाली की वाटेतला सिग्नल घाबरून हिरवा झाला.

दुपारी दोनला मखमल पेंटरजवळ आला. आवाज पुन्हा मऊ झाला होता. मागे साहेब उभे होते आणि चांगलेच खुशीत होते.

"पेंटर, चुकलं आमचं. साहेब म्हणतात, हेच आपलं वैशिष्ट्य. प्रामाणिक दुकान! आणखी सात दुकानं उघडायची आहेत, दर पंधरा दिवसांनी एक. सगळ्या काचा अशाच करायच्या. एकेक ओळ वीतभर."

"आजचे सतरा हजार द्या. आत्ता. पोरीचं कर्ज आजच बंद करतो."

"देणार ना. नवीन करारात धरलेत." त्याने कागद पुढे केला. "आठही काचांचे एकदम, शेवटची झाली की."

"शेवटची व्हायला चार महिने लागतील."

"चार महिने काय, रंग वाळेपर्यंत जातात."

पेंटरने कागद घेतला आणि वाचला. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, सावकाश, बोट ठेवून. कुठेही काही लपवलेलं नव्हतं. मग त्याने पेन मागितलं.

आता पेंटर तिसऱ्या काचेवर आहे. दर पंधरवड्याला घरातून पंचवीसशे वीस जातात, आणि मुदतीच्या आदल्या दिवशी लेक त्याला 'कळवायचं का' असं विचारत नाही, कारण लेखी कळवायचं तर मुद्दलही न्यायला लागतं. बायको शिडीकडे पुन्हा वाईट नजरेने बघते. पेंटर मात्र वाचत रंगवतो, मोठ्याने, आणि एक अक्षर चुकत नाही. वस्ताद असता तर दांडा मोडून घ्यायला पाठ पेंटरने स्वतःच पुढे केली असती.

काल तो त्या हलक्या शिडीवर उभा राहून अकरावी ओळ रंगवत होता. काचेला कागद लावायचं त्याने आता सोडलं आहे. दार सताड उघडं होतं आणि बाहेर एक माणूस, हातात डबा, कामावरून आलेला, मान वर करून ऐकत थांबला होता. पेंटरने त्याच्यासाठी म्हणून पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. आठ ओळी, नऊ, दहा, अकरा. 'मुद्दल कमी होणार नाही' हे त्याने दोनदा वाचलं. पुढच्या ओळी अजून रंगवायच्या होत्या, त्या तोंडपाठ म्हणून दाखवल्या, एकोणीसपर्यंत.

माणसाने सगळं नीट ऐकून घेतलं. मान हलवली. डबा या हातातून त्या हातात घेतला.

"दुकान उघडणार कधी?" त्याने विचारलं.